शकतो, येतं, असेल

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये मी राहते, तिथून कुक्करहळ्ळी तळं पायी गाठता येतं. तळ्यापलीकडे मानसगंगोत्री, म्हणजे म्हैसूर विद्यापीठाचा परिसर, आणि त्याच भागात १९६९ साली सुरू झालेली भारतीय भाषा संस्था. परराज्यांतले शिक्षक इथे दहा महिने राहून कन्नड, तमिळ, तेलुगू किंवा मल्याळम शिकतात. भाषा शिकायला माणसं मुद्दाम जिथे येतात, त्या गावात शेजारची सांगलीची सून रोज संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकते.

मे महिन्यातली गोष्ट. चामुंडी टेकडीच्या अंगाला आभाळ भरून आलं होतं. खिडकीतून बघत ती म्हणाली, “काकू, टुडे इट कॅन रेन.”

शब्द सगळे बरोबर आणि तरी वाक्य चुकलेलं. मराठीत ती “आज पाऊस येऊ शकतो” असंच म्हणाली असती, त्यात काही वावगं नाही. पण आपलं ‘शकतो’ दोन कामं करतं. “म्हैसूरला मे महिन्यात पाऊस येऊ शकतो” हा इथल्या हवेचा स्वभाव झाला. “आज संध्याकाळी येऊ शकतो” हा आभाळ बघून बांधलेला अंदाज. मराठीला दोन्हीकडे एकच क्रियापद पुरतं, इंग्रजीला पुरत नाही. स्वभाव सांगायचा तर ‘कॅन’: इट कॅन रेन इन मे. या एका संध्याकाळचा अंदाज सांगायचा तर ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’: इट मे रेन टुडे. ‘माइट’मध्ये खात्री ‘मे’पेक्षा जराशी कमी, एवढाच फरक, आणि रोजच्या बोलण्यात तोही पुष्कळदा उरत नाही.

हे तिला पटायला वेळ लागला. पटवलं ते कन्नडनं. दाराशी येणारी भाजीवाली आभाळ बघून म्हणते, “मळे बरबहुदु,” पाऊस येईल कदाचित. तीच बाई उंबऱ्याशी थांबून विचारते, “ओळगे बरबहुदा?” आत येऊ का? एकाच ‘बहुदु’त शक्यताही आहे आणि परवानगीही, आणि इंग्रजीतल्या ‘मे’चं दुहेरी काम नेमकं हेच: इट मे रेन आणि मे आय कम इन. मराठीत आपण परवानगी मागताना ‘शकणे’ सहसा वापरतच नाही, नुसतं “येऊ का?” म्हणतो. म्हणून मराठी माणसाला ‘मे’ची ही जोडी उपरी वाटते. आठ महिने कन्नड कानावर पडलेल्या या मुलीला ती एका मिनिटात आपली वाटली.

आता क्षमतेकडे येऊ. इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे आणि अडचण त्या श्रीमंतीतून येते. अंगी असलेल्या विद्येसाठी आपण ‘येणे’ वापरतो: मला पोहता येतं, तिला कानडी येतं. कन्नड माणूसही हेच करतो. “निमगे कन्नड बरुत्ता?” म्हणजे तुम्हाला कन्नड येतं का, आणि ‘बरुत्ते’ म्हणजे येतं. विद्या आपल्याकडे चालत येते ही कल्पना दोन्ही भाषांत एकच आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. दुसरी तऱ्हा ‘शकणे’ची. तिसरी सगळ्यात नाजूक: “आता मला एवढं चालवत नाही”, “तिचे हाल बघवत नाहीत”. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. शरीर किंवा मन साथ देत नाही, हे त्या एका ‘व’नं सांगून होतं. इंग्रजीत चालण्याचं वाक्य नुसत्या ‘कान्ट’वर उरकावं लागतं आणि ‘बघवत नाहीत’साठी ‘आय कान्ट बेअर टु वॉच’ अशी लांबण लावावी लागते. भाषांतर करताना हे नुकसान मान्य करून पुढे जावं.

सांगायचं ते हे की ‘कॅन’ची जोडी एकट्या ‘शकणे’शी लावू नका. “कॅन यू ड्राइव्ह?” म्हणजे “तुम्ही गाडी चालवू शकता का?” असं पाठ्यपुस्तकी मराठी करण्याऐवजी “गाडी चालवता येते का?” असं ऐका. तसा ‘कॅन’ मुळात जाणण्याचाच शब्द आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘जाणणे’ असा होता. इंग्रजी ‘नो’ आणि संस्कृत ‘ज्ञा’ त्याच्याच कुळातले, म्हणजे आपलं ‘जाणणे’ही त्याचं लांबचं भावंड. उलट ‘मे’ आणि ‘माइट’ यांच्या मुळाशी बळ, सामर्थ्य हा अर्थ आहे, आणि आपलं ‘शकणे’ ज्या ‘शक्’ धातूतून आलं त्यातूनच शक्ती हा शब्द झाला. अर्थाची पाळंमुळं बघितली तर ‘शकणे’ ‘मे’च्या शेजारी बसतं आणि ‘येणे’ ‘कॅन’च्या.

रचनेचे नियम थोडके आहेत. ‘कॅन’, ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ या ‘मोडल’ म्हणजे साहाय्यक क्रियापदांपुढे मूळ क्रियापद जसंच्या तसं येतं, त्याला ‘एस’ लागत नाही, मध्ये ‘टू’ येत नाही. दोन ‘मोडल’ एकापुढे एक चालत नाहीत, म्हणून ‘विल कॅन’ होत नाही. “पुढच्या वर्षी मला गाडी चालवता येईल” यासाठी ‘विल बी एबल टू’ लागतं.

खरा घोळ भूतकाळात होतो. एकदा ती सांगत होती, “यस्टर्डे आय कुड कॅच द बस.” समोरच्यानं विचारलं, “मग पकडलीस की नाही?” ती गोंधळली. ‘कुड’ म्हणजे पकडण्याजोगी होती एवढंच, पकडली असं त्यातून निघत नाही. याचा नियम इंग्रजी पुस्तकात शोधायची गरज नाही, तो आपल्या क्रियापदात आहे. “लहानपणी मला झाडावर चढता यायचं”: ‘यायचं’ आलं की ‘कुड’. “काल मला बस पकडता आली”: ‘आली’ म्हणजे एका वेळी काम पार पडलं, तिथे ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’. नकारात ही भानगड नाही. “पकडता आली नाही” याला ‘कुडन्ट’ बिनधास्त चालतं. ‘सी’, ‘हिअर’ अशा इंद्रियांच्या क्रियापदांनाही सूट आहे: आय कुड हिअर द रेन.

माणसाबद्दल अंदाज करताना आपण भविष्यकाळ वापरतो. “तो घरी असेल” यात उद्याचं काही नाही, ही आत्ताची अटकळ आहे. म्हणून ‘ही मे बी ॲट होम’. दिवा दिसतोय म्हणून “असावा” म्हणालो तर ‘मस्ट बी’. “नसेल” ला ‘मे नॉट बी’. पण आत्ताच त्याला तळ्याकाठी बघून आलो, “घरी असणं शक्यच नाही”, तर ‘कान्ट बी’. ‘मस्ट’चा असा उलटा ‘मस्ट नॉट’ नव्हे तर ‘कान्ट’ आहे, हे शिकवायला बहुतेक वर्ग विसरतात, आणि ते विसरू नये असं मला कळकळीनं वाटतं.

शेवटी उच्चार. आपण ‘आय कॅन डू इट’ म्हणताना ‘कॅन’वर जोर देतो. इंग्रजी, विशेषतः अमेरिकी, कानाला जोर देऊन म्हटलेला ‘कॅन’ नकारासारखा ऐकू येण्याचा धोका असतो, कारण होकारात ते लोक ‘कॅन’ गिळून ‘कन’ करतात आणि जोर पुढच्या क्रियापदावर टाकतात: आय कन डू इट. ‘कान्ट’ (अमेरिकी उच्चारात ‘कॅन्ट’) मात्र भरभक्कम उच्चारतात, त्यातला ‘ट’ पुष्कळदा ऐकूही येत नाही. मुलाखतीला जाणाऱ्या कुणालाही मी सांगते: ‘कॅन’ हलका ठेवा, ‘डू’वर टेका, आणि घरातून निघण्याआधी हे वाक्य दहा वेळा मोठ्यानं म्हणा.