पासष्ट चुकले तरी उत्तर सापडतं

तेरेखोलचा किल्ला महाराष्ट्रात आहे. बरोबर की चूक?

पुण्यात किंवा नागपुरात हा प्रश्न विचारला, तर बरेच जण ‘बरोबर’ म्हणतील, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. नकाशात तेरेखोल नदी गोवा आणि महाराष्ट्राच्या हद्दीवरून समुद्राला मिळते. किल्ला तिच्या उत्तरेच्या काठावर. उत्तरेला महाराष्ट्र. किल्ल्याला लागून रेडी, तेही सिंधुदुर्गातलं. इतकं सगळं जुळून आल्यावर वेगळं उत्तर कोण कशाला देईल? पण किल्ला गोव्यात आहे, पेडणे तालुक्यात. तिथल्या धारगळ गावच्या शाळेतलं पोरही हे सांगेल, कारण केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं पलीकडे जाणं ही पेडण्यातली नेहमीची सहल. पोर्तुगीजांनी हा किल्ला सावंतवाडीकरांकडून घेतला 1746 मध्ये. पेडणे महाल त्यांच्या ताब्यात आला 1788 मध्ये. आधी नदीपलीकडचा किल्ला, मग चाळीसेक वर्षांनी अलीकडचा मुलूख. हद्दी अशाच वाकड्या पडतात, म्हणून तर त्यांच्यावर प्रश्न काढता येतात.

आता समजा, 100 जणांनी उत्तर दिलं. 65 म्हणाले बरोबर, 35 म्हणाले चूक. पुस्तक उघडायचं नाही, गूगल करायचं नाही, कोण कुठला हे विचारायचं नाही. केवळ या 100 माणसांकडून मिळालेल्या आकड्यांवरून ‘35 जणांचंच खरं’ हे ठरवता येईल का?

येतं. कसं, ते कळलं तेव्हा मी अक्षरशः कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

असे प्रश्न जिथं रंगतात, ते धारगळ मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरलं की थोड्या वेळानं लागतं, कोलवाळच्या पुलाच्या अलीकडे. 11 डिसेंबर 2022 या एकाच दिवशी धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं आणि मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, म्हणजे प्रश्न काढणाऱ्यांना गावानं अलीकडे मालही पुरवला आहे. असल्या गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे केवळ गाव नसतं. एक सदस्य म्हापशाला नोकरीत, एक पुण्यात शिकायला, दोघं आखातात, कुणाची बहीण बांद्याला दिलेली, कुणाचं आजोळ दोडामार्गाला. (दूरसंचाराच्या नकाशात गोवा आणि महाराष्ट्र मिळून एकच सर्कल आहे, मोबाइलला पत्रादेवीचा नाका ठाऊकच नाही.) रात्री जेवणं आटोपली की कुणीतरी प्रश्न टाकतो, चार पर्याय देतो, खाली लिहितो: गूगल करू नये. आणि धडाधड उत्तरं यायला लागतात.

घरातल्या म्हाताऱ्या हुमाण (कोडं) घालायच्या, त्याहून हा खेळ वेगळा. हुमाणाचं उत्तर हुमाणातच दडलेलं असतं, डोकं चालवलं की हाती लागतं. जनरल नॉलेजच्या प्रश्नात कितीही डोकं चालवा, उत्तर तिथं नसतंच. ते कुठल्यातरी माणसापाशी असतं. म्हणजे शोधायचा असतो तो माणूस. शंभरांत कोण जाणकार आणि कोण नुसता ठोकून देणारा, हे ओळखायचं कसं?

सोप्या बाबतीत हे काम आपोआप होतं. ‘कौन बनेगा करोडपती’ 3 जुलै 2000 ला सुरू झालं आणि ऑडियन्स पोल हा शब्द घराघरांत पोचला. त्यामागचं गणित बघा. प्रेक्षकांत 100 माणसं आहेत आणि त्यांतल्या फक्त 12 जणांना उत्तर येतं. उरलेले 88 अंदाजपंचे बटणं दाबतात. चार पर्याय, तेव्हा प्रत्येकावर साधारण 22 मतं पडतात. बरोबर पर्यायावर ही 22 अधिक जाणकारांची 12, म्हणजे 34. पडद्यावर तोच खांब सगळ्यांत उंच! 88 टक्के लोकांना काहीच माहीत नाही आणि सभागृह मात्र बरोबर बोलतं. अज्ञान चारी दिशांना विखुरतं, ज्ञान एका जागी साचतं. या खेळाच्या अमेरिकी आवृत्तीतले आकडे जेम्स सुरोविकी यांनी 2004 मधल्या आपल्या पुस्तकात दिले आहेत: मित्राला केलेला फोन सुमारे 65 टक्के वेळा कामी आला, प्रेक्षकांचा कौल 91 टक्के वेळा. तुलना अगदी न्याय्य नाही, कारण प्रेक्षकांना सोपे प्रश्न विचारले जातात आणि अवघड प्रश्न मित्राच्या गळ्यात पडतात. तरीही 91 हा आकडा छोटा नव्हे.

मग तेरेखोलच्या प्रश्नावर हीच माणसं का आपटतात? कारण तिथलं अज्ञान विखुरलेलं नाही. नकाशानं सगळ्यांना एकाच बाजूला ढकललेलं आहे. फ्रान्सच्या काँदोर्से नावाच्या गणितज्ञानं 1785 मध्ये, पेडणं पोर्तुगीजांकडे जाण्याच्या तीनच वर्षं आधी, हे कोष्टक मांडून ठेवलं. हो-नाहीचा प्रश्न आहे, प्रत्येक जण स्वतंत्रपणे उत्तर देतो आणि ते बरोबर असण्याची शक्यता 60 टक्के आहे. असे 101 जण घेतले, तर बहुमत बरोबर असण्याची शक्यता सुमारे 98 टक्क्यांवर जाते. साधी माणसं एकत्र आली आणि जवळजवळ सर्वज्ञ झाली. पण हाच 60 चा आकडा 40 करा. बहुमत बरोबर येण्याची शक्यता उरते जेमतेम 2 टक्के. दिशाभूल करणाऱ्या प्रश्नावर माणसं वाढवत नेली की चूक आणखी पक्की होत जाते. लोकशाहीवर भाषण ठोकायची इथं मला फार इच्छा होते आहे, पण आवरतो.

या भिंतीतून वाट काढणारा शोधनिबंध ‘नेचर’ या नियतकालिकात जानेवारी 2017 मध्ये आला. लेखक एमआयटीचे द्राझेन प्रेलेक आणि जॉन मकॉय, तसंच प्रिन्स्टनचे सेबॅस्टियन सुंग. त्यांचं उदाहरण होतं पेनसिल्व्हेनियाची राजधानी. लोकांना वाटतं फिलाडेल्फिया, खरी आहे हॅरिसबर्ग. त्यांनी केलं एवढंच, की एकाऐवजी दोन प्रश्न विचारले. पहिला: तुमचं उत्तर काय? दुसरा: इतरांपैकी किती टक्के लोक ‘हो’ म्हणतील असं तुम्हाला वाटतं?

सगळी जादू या दुसऱ्या प्रश्नात आहे. आपले तेरेखोलचे शंभर जण घेऊ. (आकडे माझे, उदाहरणापुरते.) ‘महाराष्ट्रात’ म्हणणाऱ्या 65 जणांना वाटतं की हे तर उघडच आहे, 90 टक्के लोक असंच म्हणतील. ‘गोव्यात’ म्हणणारे 35 जण मात्र दुसऱ्या प्रश्नाशी थबकतात. खरं काय ते त्यांना ठाऊक आहे. शिवाय लोक कुठं फसतात हेही ठाऊक आहे. ते लिहितात, 75 टक्के तरी ‘महाराष्ट्र’च म्हणतील. आता सरासरी काढा. 65 जणांचे 90 आणि 35 जणांचे 75, मिळून भाकीत येतं जवळजवळ 85 टक्के. प्रत्यक्षात ‘महाराष्ट्र’ला पडले 65. अपेक्षेपेक्षा 20 नं कमी. ‘गोव्या’ला अपेक्षा होती 15 ची, पडली 35. जे उत्तर लोकांच्या अंदाजापेक्षा जास्त लोकप्रिय निघतं, ते खरं माना. झाला निकाल. बहुमत हरलं, उत्तर सापडलं, आणि 100 जणांखेरीज कुणालाही काही विचारावं लागलं नाही.

आपण चुकलो आहोत हे चुकणाऱ्याला ठाऊक नसतं, त्यामुळे दुसरं उत्तरही असू शकतं हे त्याच्या हिशेबातच येत नाही. जाणकाराच्या डोक्यात मात्र दोन्ही उत्तरं असतात. ही असमानता आकड्यांत उमटते आणि मोजता येते. निबंधातल्या सगळ्या प्रश्नांवर मिळून साध्या बहुमताच्या तुलनेत या पद्धतीनं चुका 21.3 टक्क्यांनी घटल्या.

गंमत म्हणजे खेळाडूंनी हे सिद्धांताच्या आधीच हेरलं होतं. अमेरिकेत 1997 मध्ये सुरू झालेली ‘लर्नेडलीग’ नावाची निमंत्रितांची ऑनलाइन स्पर्धा आहे. रोज सहा प्रश्न, रोज एक प्रतिस्पर्धी, आणि चोरून शोधायचं नाही ही अट निव्वळ सचोटीवर. तिथं प्रश्नांचे गुण ठरवतो प्रतिस्पर्धी. सहा प्रश्नांना 0, 1, 1, 2, 2, 3 असे गुण वाटायचे. समोरच्याला येणार नाही असं वाटेल त्या प्रश्नाला 3, हमखास येईल त्याला 0. दोघांची तेवढीच उत्तरं बरोबर आली तरी सामना एकाच्या बाजूला झुकू शकतो, कारण एकानं दुसऱ्याच्या डोक्यात नीट डोकावून पाहिलेलं असतं. इथंही दोनच प्रश्न आहेत: तुला काय येतं, आणि दुसऱ्याला काय येतं असं तुला वाटतं?

ग्रुपवर खेळताना या सगळ्याचा विचका करणारी एक गोष्ट असते: पहिलं उत्तर. कुणीतरी वजनदार माणूस, निवृत्त मास्तर म्हणा, झटकन लिहितो, ‘महाराष्ट्र. नक्की.’ त्याखाली अंगठे पडायला लागतात. काँदोर्सेच्या कोष्टकातलं ‘स्वतंत्रपणे’ तिथंच संपलं. झुरिकच्या संशोधकांनी 2011 मध्ये 144 विद्यार्थ्यांवर हे तपासलं. इतरांचे अंदाज दाखवल्यावर मतं एकमेकांच्या जवळ सरकली, अचूकता मात्र वाढली नाही. उलट, सगळे एकाच बाजूला आल्यामुळे आपण बरोबर आहोत असा भरवसा वाढला. म्हणून ग्रुपवर पोल टाकण्यापेक्षा ‘उत्तर इथं नको, ॲडमिनला वेगळं पाठवा’ ही पद्धत कितीतरी शहाणी. तिला दुसऱ्या प्रश्नाची जोड दिली की प्रेलेक यांची प्रयोगशाळा धारगळच्या तिठ्यावर उभी राहते.

उत्तर कळेपर्यंतच्या मिनिटांत डोक्यात काय चालतं, हेही सांगायलाच हवं. कॅलटेकच्या संशोधकांनी 2009 मध्ये जनरल नॉलेजचे प्रश्न देऊन मेंदूचे स्कॅन घेतले. कुतूहल सगळ्यांत तीव्र कधी होतं? उत्तर पक्कं माहीत असताना नाही, मुळीच माहीत नसतानाही नाही. अर्धवट खात्री असताना. मग 2014 मध्ये कॅलिफोर्नियात माथियास ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी याहून चमत्कारिक गोष्ट दाखवली. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या काही सेकंदांत त्यांनी पडद्यावर एक अनोळखी चेहरा दाखवला, प्रश्नाशी काडीचा संबंध नसलेला. ज्या प्रश्नांनी कुतूहल चेतवलं होतं, त्यांच्या वेळचे चेहरे लोकांच्या जास्त लक्षात राहिले. उत्तराची वाट पाहणारा मेंदू दार सताड उघडं ठेवतो आणि वाटेनं जाणारं काहीही आत शिरतं. आणखी एक: 2001 मधल्या एका प्रयोगात दिसलं, की छातीठोकपणे दिलेलं चुकीचं उत्तर दुरुस्त केलं, तर ती दुरुस्ती कच्च्या अंदाजाच्या दुरुस्तीपेक्षा पक्की बसते. ‘महाराष्ट्र. नक्की.’ लिहिणारे मास्तर तेरेखोल पुन्हा कधी विसरायचे नाहीत.

पण दोन प्रश्नांची ही युक्ती फसतेही, आणि कुठं फसते ते पाहण्यासारखं आहे. आणखी एक उदाहरण घेऊ: सिंधुदुर्ग जिल्ह्याचं मुख्यालय सावंतवाडी, बरोबर की चूक? चूक, ते ओरोसला आहे. पुन्हा 65 जण ‘बरोबर’ म्हणतात आणि 90 टक्क्यांचं भाकीत करतात. या वेळी उरलेले 35 मात्र सगळेच ओरोसचे. दाखल्यांसाठी, सात-बारासाठी रोज जिल्ह्याची माणसं दारात येताना पाहिलेले. त्यांना वाटतं, हे कुणाला माहीत नाही? फार तर 10 टक्के चुकतील. आता सरासरी भाकीत येतं 62 टक्के, आणि ‘सावंतवाडी’ला पडलेली मतं 65. म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त लोकप्रिय ठरली सावंतवाडी! उत्तर माहीत असलेली 35 माणसं हजर असूनही निकाल उलटा लागला. त्यांचं ज्ञान खोटं नव्हतं. फक्त आपल्याला माहीत आहे ते इतरांना माहीत नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

म्हणून या खेळात मूळ ओरोसकरापेक्षा महामार्गानं मुंबईला जाणारा धारगळकर जास्त कामाचा. ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयाची पाटी बघून तोही एकदा चकित झालेला असतो, आणि त्याआधी बरीच वर्षं ‘सावंतवाडी’ असंच म्हणत आलेला असतो. दुसऱ्या प्रश्नाखाली तो बिनचूक 75 लिहील.