मान शेरीफचा, काम कचेरीचं

‘शेरीफ’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो इंग्रजी सिनेमातला माणूस. छातीवर चांदणी, कमरेला पिस्तूल आणि घोड्यावरून चोरांचा पाठलाग! पण मैत्रिणींनो, आपल्या मुंबईतही शेरीफचं पद आहे, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असेल? सरकारी मराठीत त्याला ‘नगरपाल’ म्हणतात.

शब्द मूळचा इंग्लंडचा, हजार वर्षांपेक्षा जुना. ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे राजाचा कारभारी. आपल्याकडच्या देशमुखासारखाच म्हणा ना! सारा गोळा करायचा, राजाचा हुकूम बजावायचा. १७२६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या जॉर्ज राजाच्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे मेयर्स कोर्टं आली आणि त्यांच्याबरोबर शेरीफही आला. न्यायाधीशाने निकाल द्यायचा आणि शेरीफने तो अमलात आणायचा, अशी ही विभागणी. पुढे १८६२ मध्ये हायकोर्ट सुरू झालं, तरी शेरीफ राहिलाच. शहरातल्या मंडळींनी सह्या करून अर्ज दिला, की टाउन हॉलमध्ये जाहीर सभा बोलावण्याचं कामही त्याच्याकडे असे.

हळूहळू हे पद मानाचं झालं. शहरातल्या नामवंत व्यक्तीला एका वर्षासाठी नेमायचं. तिने समारंभांना हजर राहायचं, परदेशी पाहुण्यांचं स्वागत करायचं. गोव्याच्या मातीतले डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ होते. पुढे दिलीपकुमार झाले, सुनील गावसकर झाले. बायकाही मागे राहिल्या नाहीत. मद्रासला १९५६ मध्ये मेरी क्लबवाला जाधव पहिल्या महिला शेरीफ झाल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या या बाईंनी सारं आयुष्य समाजकार्याला वाहिलं होतं. मुंबईत प्राचार्या इंदू शहाणी यांनी हा मान भूषवला. मद्रासचं पद नंतर बंद झालं, मुंबई-कलकत्त्याचं मात्र टिकलं.

पण हार-तुरे घेणारा शेरीफ वेगळा आणि शेरीफची कचेरी वेगळी. समन्स पोचवणं, मालमत्तेवर जप्ती आणणं, लिलाव करणं हे हायकोर्टाचं काम त्या कचेरीतली माणसं रोज करत असतात. त्यातलं एक काम तर थेट आपल्या कोकणातल्या घरांपर्यंत येऊन पोचतं. ते म्हणजे बोटीला अटक!

आमच्या बचत गटातल्या एकीचा नवरा बोटीवर होता. सात महिने पगार नाही. एके दिवशी त्याचा फोन आला, “बोटीला अटक झालीय, शेरीफची माणसं येऊन कागद चिकटवून गेली.” झालं! सासूने अन्नपाणी सोडलं. ही रडत माझ्याकडे आली. “वहिनी, बोट पकडली म्हणजे आमच्या माणसालाही धरलं का हो?”

तिला घेऊन मी ओळखीच्या वकिलांकडे गेले. ते हसून म्हणाले, “अहो, रडताय कशाला? तुमचे पैसे मिळायचे तर आता याच वाटेने मिळतील!” मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. अटक माणसाला नसते, बोटीला असते. मालक परदेशात, कंपनीचा पत्ता तिसऱ्याच देशात, मग खलाशाने दाद मागायची कुणाकडे? म्हणून कायदा बोटीलाच धरतो. हायकोर्टाने हुकूम दिला, की शेरीफची कचेरी तो बोटीवर बजावते, बंदराला आणि कस्टमला कळवते. मग बोट बंदर सोडू शकत नाही. मालकाने पैसे किंवा हमी भरली तर सुटते, नाहीतर कोर्टाच्या हुकमाने तिचा लिलाव होतो. २०१७ च्या सागरी दाव्यांच्या कायद्यात बोटीवर ज्यांचा हक्क चालतो, त्यांच्या यादीत खलाशांच्या पगाराचा नंबर पहिला आहे.

ऐकून तिने डोळे पुसले. पैसे लगेच हातात पडले नाहीत. वर्ष उलटून गेलं. मधल्या काळात तिने गटाचं कर्ज काढून मुलांच्या फिया भरल्या. पण शेवटी बोट विकली गेली आणि तिच्या नवऱ्याचा थकलेला पगार घरी आला.

ज्यांच्या घरचं माणूस बोटीवर आहे, त्यांनी एवढं तरी करावं. कराराची प्रत, सीडीसीची झेरॉक्स, पगाराच्या स्लिपा आणि बोटीचं नाव घरात जपून ठेवावं. पगार थकला की लाजून गप्प बसू नये. खलाशांची संघटना, मुंबईचं नौवहन महासंचालनालय यांना लेखी कळवावं आणि जाणत्या वकिलाला गाठावं. उशीर मात्र नको. पगार देय झाल्यापासून दोन वर्षांत बोटीला अटक झाली नाही, तर बोटीवरचा हा पहिला हक्क संपतो.

कोर्टाचा निकाल कागदावरच राहिला तर त्याने चूल पेटत नाही. तो बजावायला कुणीतरी बोटीची शिडी चढावी लागते. शेरीफच्या पदाचा मान ज्याचा त्याला लखलाभ असो, आपल्याला त्या कचेरीचं काम ठाऊक असलं पाहिजे.