वाट बदलली की बाजार बदलतो : श्रीलंकेच्या वाहतुकीची हकीकत

श्रीलंकेचा व्यापार म्हटला की आपल्याला बंदरे आणि जहाजे आठवतात. पण तिथल्या मुसलमान व्यापाऱ्यांची बरीच कमाई बेटाच्या आत, बैलांच्या पाठीवर झाली, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

१६२६ मध्ये पोर्तुगीजांनी आपल्या मुलखातून मुसलमानांना हाकलले, तेव्हा कँडीचा राजा सेनारत याने त्यांना आसरा दिला. कँडी डोंगरात. शत्रूची तोफ वर चढू नये म्हणून राजे रस्ते मुद्दाम बांधत नसत, त्यामुळे गाडीचे चाक निरुपयोगी. माल जाई तो बैलांच्या तांड्याने. आपल्याकडे लमाणांचे तांडे असत, तसेच हे. तिथे त्याला ‘तवलम’ म्हणत. किनाऱ्यावरून मीठ आणि सुकी मासळी वर चढे, सुपारी आणि मिरी खाली येई. राजदरबारात या वाहतुकीचे ‘मडिगे’ नावाचे वेगळे खाते होते आणि त्यात बहुतेक मुसलमानच.

डचांनी सखल किनाऱ्यावर कालवे खोदले. त्यांची झळ डोंगरातल्या तांड्यांना लागली नाही. १८१५ मध्ये कँडी इंग्रजांच्या हाती गेली आणि रस्त्यांची कामे निघाली. १८३२ मध्ये कोलंबो ते कँडी टपालगाडी धावू लागली. पक्की सडक झाली, की एका बैलगाडीत कितीतरी बैलांच्या गोण्या मावतात. तवलमवाल्याचा भाव तिथेच पडला. पुढे कॉफीच्या मळ्यांनी गाडीवानांना चांगले दिवस दाखवले, पण १८६७ मध्ये रेल्वे कँडीला पोहोचली आणि लांब पल्ल्याचे भाडे त्यांच्याही हातून गेले. मळा ते स्टेशन एवढी फेरी उरली. ज्याच्याजवळ नुसते बैल होते तो बुडाला. ज्याने वाटेवरच्या गावात दुकान थाटले होते तो टिकला, असे आम्हाला वाटते.

बंदरांचीही तीच गत. युरोपची आगबोट आधी गॉलला लागे, आणि तिथले मुसलमान जवाहिरे उतारूंना नीलम, माणिक विकत. १८७५ मध्ये कोलंबोला लाटा अडवणाऱ्या धक्क्याचे काम सुरू झाले, तो १८८५ मध्ये पुरा झाला आणि बोटी तिकडे वळल्या. गॉलमधील खडे तेच, कारागीर तेच, फक्त गिऱ्हाईक सत्तर मैल दूर गेले. काही जवाहिऱ्यांनी मग कोलंबोतच दुकाने मांडली.

बसगाड्यांचे राष्ट्रीयीकरण १९५८ मध्ये झाले, दक्षिणेचा द्रुतगती मार्ग २०११ मध्ये खुला झाला. त्यात कुणाचे किती गेले, हा वेगळ्या लेखाचा विषय.

आज कोलंबोत कंटेनर एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढतात, आणि त्यांत मोठा वाटा हिंदुस्थानच्या मालाचा. आता केरळात विळिंजम हे खोल पाण्याचे बंदर २०२५ मध्ये रीतसर सुरू झाले आहे. थोरली जहाजे थेट तिथेच लागू लागली, तर कोलंबोच्या गोदीतल्या दलालाला गॉलच्या जवाहिऱ्याची आठवण होईल.