प्रोसेसरच्या नावातलं 'एफ' हे एक अक्षर तुमचं एडिटिंग कसं अडकवतं?

फडके रोडवरची दिवाळी पहाट असो, डोंबिवलीची गुढीपाडव्याची स्वागतयात्रा असो की ठाण्याची दहीहंडी, कार्यक्रम संपायच्या आत रील्स अपलोड झालेल्या असतात. रील मोबाईलवर कापून होते. पण लग्नाचं चार तासांचं फुटेज किंवा यूट्यूबचा वीस मिनिटांचा व्लॉग कापायला बसलं की मोबाईल हात टेकतो. मग घरी एडिटिंगसाठी पीसी बांधायचं ठरतं.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली पोरं मग जवळच्या दुकानातून कोटेशन घेतात, नाहीतर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि तिथून लॅमिंग्टन रोड गाठतात. दोन-तीन लग्नांच्या ऑर्डरींचे पैसे त्यात जातात. पीसी घरी येतो, गेम झकास चालतात, पण टाइमलाइनवर क्लिप टाकली की ती अडखळते.

असं का होतं? कारण पीसी घेताना एक प्रश्न विचारायचा राहून जातो. तो म्हणजे, तुमचा कॅमेरा कोणत्या प्रकारची फाईल बनवतो?

फाईल छोटी, काम मोठं

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला २५ किंवा ३० फोटो. हे सगळे फोटो पूर्ण साठवले तर मोबाईल काही मिनिटांत भरेल. म्हणून मोबाईल आणि कॅमेरे एक युक्ती करतात. एक फ्रेम पूर्ण साठवायची आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहायचं. एच.२६४ आणि एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५ हे दोन्ही प्रकार असेच चालतात.

नुसता व्हिडिओ बघताना अडचण येत नाही. पण एडिटिंग करताना आपण पुढे-मागे उड्या मारतो. मधली एखादी फ्रेम दाखवायची तर पीसीला आधीची पूर्ण फ्रेम शोधून, सगळे बदल जोडत तिथपर्यंत यावं लागतं. याला डिकोडिंग म्हणतात. लग्नाच्या शूटमध्ये तीन कॅमेरे एकाच टाइमलाइनवर असतील तर हे काम तिप्पट होतं.

हे काम प्रोसेसरचे कोअर करू शकतात, पण घाम गाळून. त्यासाठीच चिपमध्ये वेगळा भाग दिलेला असतो. इंटेलमध्ये त्याला क्विक सिंक म्हणतात आणि तो प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये बसलेला असतो.

मग 'एफ'चं काय?

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल, म्हणजे १२४००एफ किंवा १४४००एफ, तर त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं. म्हणजे क्विक सिंकही नाही. एफवाला थोडा स्वस्त असतो आणि गेमिंगसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड असतंच, त्यामुळे गेमिंगच्या कोटेशनमध्ये तो सर्रास दिसतो. 'केएफ'चंही तसंच.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर साध्या मोबाईल फुटेजचं डिकोडिंग ते सांभाळतं. खरी अडचण येते १०-बिट ४:२:२ फुटेजला. रंगाची जास्त माहिती साठवणारा हा प्रकार मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये आता सर्रास मिळतो. ४:२:२ एचईव्हीसी फाईल इंटेलचं क्विक सिंक ११व्या जनरेशनपासून उलगडतं. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ही सोय २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून मिळाली.

इथे एक पोटकलम आहे. क्विक सिंकची ही मदत ४:२:२ एचईव्हीसीला मिळते, ४:२:२ एच.२६४ ला नाही. सोनीच्या कॅमेऱ्यात 'एक्सएव्हीसी एस' म्हणजे एच.२६४ आणि 'एक्सएव्हीसी एचएस' म्हणजे एचईव्हीसी. कॅमेऱ्यातलं एक सेटिंग बदलूनही पीसीवरचं ओझं कमी होऊ शकतं.

इंटेल की एएमडी?

एएमडीच्या रायझन ७००० आणि ९००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये छोटं ग्राफिक्स आहे. मोबाईलच्या फुटेजला ते पुरतं, ४:२:२ ला नाही. पण एएमडीची बाजू मदरबोर्डवर भक्कम होते. त्यांचं आधीचं एएम४ सॉकेट इतकं टिकलं की २०१७ च्या अनेक बोर्डांवर बायॉस अपडेट करून रायझन ५००० बसवता आला. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ, असं कंपनीने जाहीर केलंय.

इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट १२व्या ते १४व्या जनरेशनसाठी होतं. २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० एस आलं, ते एलजीए १८५१ वर. म्हणजे १७०० चा बोर्ड घेतला तर १४व्या जनरेशनपुढे रस्ता नाही. फायदा एवढाच की त्यात डीडीआर४ चे बोर्डही मिळतात, त्यामुळे जुनी रॅम वापरता येते.

थोडक्यात हिशोब असा:

- फक्त मोबाईल फुटेज: एफ नसलेला आय५-१२४०० किंवा रायझन ५ ७६००.
- ४:२:२ एचईव्हीसी फुटेज: आय५-१४५०० किंवा कोअर अल्ट्रा ५ २४५के.
- लग्नाचं मल्टीकॅम काम: आय७-१४७०० किंवा कोअर अल्ट्रा ७ २६५के, सोबत ३२ जीबी रॅम.

मदरबोर्ड कसा निवडायचा?

एडिटिंगसाठी बोर्डवरचे रंगीत दिवे कामाचे नाहीत, तीन गोष्टी कामाच्या आहेत. पहिली, एम.२ स्लॉट किमान दोन हवेत, एक विंडोजसाठी आणि एक फुटेजसाठी. दुसरी, रॅमचे चार स्लॉट असले तर पुढे वाढवायला जागा राहते. एच६१० बोर्डांवर दोनच मिळतात, बी७६० च्या बऱ्याच बोर्डांवर चार असतात.

तिसरी, व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग. गेममध्ये लोड वर-खाली होतो, पण एक्सपोर्टला लावलेला पीसी तासभर सलग राबतो. आय७-१४७०० वर ६५ वॉट लिहिलेलं असलं तरी टर्बोमध्ये तो २१९ वॉटपर्यंत जातो. व्हीआरएमवर हीटसिंक नसलेल्या स्वस्त बोर्डवर तो बसवला, त्यात मे महिन्यातली डोंबिवलीची बंद खोली, की बोर्ड तापतो आणि प्रोसेसर वेग कमी करतो.

इंटेलच्या १३व्या-१४व्या जनरेशनचे काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत होते. २०२४ मध्ये कंपनीने त्यावर मायक्रोकोड अपडेट दिला. त्यामुळे हे प्रोसेसर घेतले तर दुकानातच नवीन बायॉस टाकून घ्या.

पैसे देण्याआधी

आधी मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्यात तुमची एक क्लिप उघडा. फाईल एच.२६४ आहे की एचईव्हीसी, ८-बिट की १०-बिट, ४:२:० की ४:२:२, हे सगळं तिथे दिसतं.

सॉफ्टवेअरही बघा. प्रीमियर प्रो क्विक सिंक वापरतं. विंडोजवर डाव्हिन्ची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत हार्डवेअर डिकोडिंगला मर्यादा आहेत, पूर्ण फायदा स्टुडिओ आवृत्तीत मिळतो.

दुकानात प्रोसेसर सीलबंद बॉक्समधला आहे की सुटा 'ट्रे'चा, ते विचारा. सुट्याची वॉरंटी विकणाऱ्यावर अवलंबून असते. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. एलजीए १७०० असो की एएम५, पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. म्हणून सॉकेट डोळ्यांनी बघा आणि शक्य असेल तर प्रोसेसर तिथेच बसवून घ्या. संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये उघडा बोर्ड नेण्यापेक्षा ते बरं.

आणि आत्ता बजेटच नसेल तर प्रॉक्सी वापरा. सॉफ्टवेअर मूळ फुटेजच्या हलक्या प्रती बनवतं, एडिटिंग त्यांच्यावर होतं आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाईल वापरली जाते. सुरुवातीला प्रती बनवायला वेळ जातो, पण जुना पीसीही पुढचा लग्नाचा सीझन काढू शकतो.