फिरत्या दांड्यावरील परीक्षा

औषधाने अपस्माराचे झटके थांबले, परंतु त्याच औषधाने रोग्याचे पाऊल अडखळू लागले आणि जिना उतरताना त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागला, तर त्या औषधाचा गुण किती आणि अवगुण किती हे ठरवायचे कसे, हा औषधशास्त्रापुढील जुना पेच आहे. आणि औषध मनुष्याच्या ओठी लागण्यापूर्वीच तो सोडविण्याच्या कामी जगातील असंख्य प्रयोगशाळांनी सहा दशकांहून अधिक काळ ज्या यंत्राची साक्ष काढली, ते म्हणजे रोटारॉड. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे मिया आणि त्यांचे सहकारी डनहॅम यांनी १९५७ साली एका छोटेखानी टिपणातून त्याची माहिती प्रसिद्ध केली. आपल्याकडील औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी डायझेपाम दिलेला उंदीर या दांड्यावरून किती लवकर घसरतो, हे प्रात्यक्षिकाच्या वहीत नोंदले आहे.

यंत्राची रचना साधी आहे. सुमारे तीन सेंटिमीटर व्यासाचा, पावलांना पकड मिळावी म्हणून पृष्ठभाग खरखरीत ठेवलेला एक आडवा दांडा मोटरने फिरतो. गोल तबकड्यांनी त्याचे चार-पाच भाग पाडलेले असतात, जेणेकरून शेजारच्या उंदराकडे पाहून कोणी विचलित होऊ नये. आणि खाली, पडल्यास इजा होणार नाही परंतु पडावेसेही वाटणार नाही इतक्या अंतरावर, एक पट्टी असते, जिच्यावर उंदीर पडताच त्याच्यापुरते घड्याळ थांबते. दांडा पायांखालून सरकत असतो आणि वर टिकून राहायचे तर उलट दिशेने अखंड चालत राहणे एवढाच उपाय उंदराच्या हाती असतो.

आरंभी दांड्याचा वेग कायम असे. त्यात अडचण अशी, की वेग मंद ठेवला तर निरोगी उंदीर पडतच नाहीत आणि वाढवला तर सारेच तत्काळ पडतात, म्हणजे दोन्ही प्रसंगी तुलनेस वाव उरत नाही. १९६८ साली जोन्स आणि रॉबर्ट्स यांनी वेग क्रमाक्रमाने वाढत जाणारा दांडा योजिला आणि प्रत्येक प्राण्याला आपापल्या मर्यादेपर्यंत जाऊ दिले. मिनिटाला चार फेऱ्यांपासून चाळीस फेऱ्यांपर्यंत, पाच मिनिटांच्या मुदतीत, हा आजचा रूढ शिरस्ता. मात्र जुनी, स्थिर वेगाची रीतही बाद झाली नाही. अपस्मारावरील औषधांची छाननी करण्यासाठी अमेरिकन सरकारने १९७५ साली जो उपक्रम हाती घेतला, त्यात मिनिटाला सहा फेऱ्या घेणाऱ्या दांड्यावरून एका मिनिटात तीनदा पडलेला उंदीर औषधाने बाधित समजला जाई, आणि बाधा करणारी मात्रा व झटके थांबविणारी मात्रा यांच्या गुणोत्तरावरून औषधाची सुरक्षितता जोखली जाई.

येथवर सारे सुबोध आहे; खरा प्रश्न आहे तो घड्याळाने दिलेल्या सेकंदांचा अर्थ लावण्याचा. उंदीर पडला, पण का पडला? लहान मेंदू बिघडला असेल, कानातील तोल सांभाळणारी इंद्रिये निकामी असतील, स्नायू दुर्बळ असतील, किंवा केवळ देह जड असेल. कारण वजनदार उंदीर निरोगी असूनही आधी पडतो. याच्या उलट, काही उंदीर चालणे सोडून दांड्याला चारी पायांनी घट्ट मिठी मारतात आणि त्याच्याबरोबर गरगर फिरत राहतात. घड्याळ बिचारे पुढे चालूच राहते आणि ज्याने एक पाऊलही टाकले नाही तो दप्तरी यशस्वी म्हणून नोंदला जातो. म्हणूनच, यंत्र कितीही अचूक असो, समोर बसून डोळ्यांनी पाहणाऱ्या आणि अशा प्रत्येक फेरीची वेगळी नोंद करणाऱ्या परीक्षकावाचून त्याचा आकडा मला विश्वासार्ह वाटत नाही. जो प्राणी आपली कैफियत मांडू शकत नाही, त्याच्याबाबत हे अवधान हा मी निव्वळ कर्तव्याचा भाग समजतो.

सराव हीही येथे लक्षात घेण्याची गोष्ट. निरोगी उंदीर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा अधिक वेळ टिकतो, आणि ही सुधारणाच कित्येकदा मोजमापाचा विषय होते, कारण हालचाली शिकण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. ‘लर्चर’ नावाच्या उत्परिवर्तित जातीत जन्मानंतरच्या काही आठवड्यांतच लहान मेंदूतील जवळजवळ सर्व पर्किंजे पेशी नाश पावतात. असा उंदीर चालतो, पण झोकांड्या खात, आणि दांड्यावर त्याचा निभाव लागत नाही.

परीक्षेची परिस्थिती किती सूक्ष्मपणे निकालात शिरते, याचा दाखला क्रॅब, वॉल्स्टन व डुडेक यांनी १९९९ साली दिला. पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी येथील तीन प्रयोगशाळांत त्यांनी आठ वंशांचे उंदीर, एकसारखी उपकरणे आणि एकसारखे वेळापत्रक ठेवून सहा चाचण्या घेतल्या. फिरत्या दांड्याची चाचणी त्यांपैकी एक होती. वंशावंशांतील ठळक भेद सर्वत्र दिसले, तरी कित्येक निकाल प्रयोगशाळेगणिक निराळे आले. एडमंटनच्या परीक्षकास उंदरांची तीव्र ॲलर्जी असल्याने श्वसनाचा मुखवटा चढवूनच काम करावे लागले होते. असली बाब कोणत्या नियमावलीत आधी लिहून ठेवणार?

म्हणून जाणते संशोधक एकाच यंत्रावर विसंबत नाहीत. जपानमध्ये ओगावा व सहकाऱ्यांनी १९८५ साली पार्किन्सनसदृश विकाराच्या अभ्यासासाठी उभ्या खांबाची चाचणी योजिली: मल्लखांबपटूप्रमाणे उंदीर खांबाच्या माथ्यावर असतो, त्याने डोके खाली वळवून उतरायचे, आणि वळायला लागलेला वेळ मोजायचा. दुसरी चाचणी अरुंद तुळईची. हंटिंग्टनच्या रोगाचे जनुक घातलेले आर-६/२ जातीचे उंदीर पाच-सहा आठवड्यांचे असताना, वरकरणी निरोगी दिसत असूनही, सर्वांत अरुंद तुळईवर आणि जलद फिरणाऱ्या दांड्यावर अडखळू लागतात, असे १९९९ साली दिसून आले. तुळईवर उंदीर पलीकडे पोहोचला की नाही एवढेच पाहून भागत नाही. मागचा पाय किती वेळा निसटला हे मोजावे लागते, आणि त्यासाठी बहुतेक प्रयोगशाळा आता बाजूने चित्रफीत घेऊन ती सावकाश चालवून पाहतात.