मेटफॉर्मिन: यकृताला आवर घालणारे औषध

रात्रीच्या जेवणानंतर काहीही खाल्लेले नसताना सकाळी उपाशीपोटी तपासलेली साखर वाढलेली का आढळते, हा टाइप दोनच्या मधुमेहातील अनेक रुग्णांना पडणारा प्रश्न असून त्याच्या उत्तरातूनच मेटफॉर्मिन या गोळीचे कार्य समजते. पोट रिकामे असताना मेंदूला लागणारी साखर यकृत पुरवते; ते साठवलेली साखर मोकळी करते आणि अमिनो आम्लांसारख्या पदार्थांपासून नवी साखरही घडवते. या निर्मितीवर स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्सुलिनचा अंकुश असतो. मात्र या आजारात यकृत आणि स्नायू इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणजेच इन्सुलिन-रोध निर्माण होतो, आणि गरज नसतानाही यकृत रक्तात साखर सोडत राहते.

मेटफॉर्मिन मुख्यतः हीच अनावश्यक निर्मिती रोखते. ती स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडत नाही, त्यामुळे हे एकच औषध चालू असताना साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची भीती फार कमी असते आणि वजनही सहसा वाढत नाही.

युरोपात पूर्वापार औषधी मानल्या गेलेल्या गॅलेगा या वनस्पतीतील द्रव्यांशी रासायनिक नाते असलेले हे संयुग १९२२ साली डब्लिन येथे वर्नर आणि बेल यांनी तयार केले, तरी मधुमेहावरील त्याचा उपयोग फ्रेंच डॉक्टर झां स्टर्न यांनी मांडेपर्यंत १९५७ साल उजाडले. त्याच कुळातील फेनफॉर्मिन हे औषध रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याच्या जीवघेण्या धोक्यामुळे १९७०च्या दशकात बहुतेक देशांतून मागे घेतले गेले आणि संशयाची छाया मेटफॉर्मिनवरही पडली. ब्रिटनमधील दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले; त्यात मेटफॉर्मिन घेणाऱ्या जादा वजनाच्या रुग्णांमध्ये, केवळ आहारावर भर दिलेल्या गटाच्या तुलनेत, हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. इतक्या स्वस्त गोळीच्या बाबतीत हा निष्कर्ष खरोखर मोलाचा आहे.

मळमळ आणि जुलाब हे सुरुवातीचे त्रास टाळण्यासाठी ती जेवणासोबत, अल्प मात्रेपासून वाढवत नेली जाते. ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने क्रिएटिनिनची तपासणी नियमित करावी लागते आणि मूत्रपिंड फार दुर्बळ झाल्यास ती थांबवावी लागते. अनेक वर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटू शकते. हे जीवनसत्त्व प्रामुख्याने प्राणिज अन्नातून मिळत असल्यामुळे शाकाहारी रुग्णांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्यास तो केवळ मधुमेहाचा परिणाम न समजता डॉक्टरांकडून ब-१२ची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.