डबा हलवा, मॅडम

शनिवार, सकाळचे 8. सिडकोतल्या एका खासगी शाळेत पालक-शिक्षक संघाची सभा. सहावीच्या बाकांवर गुडघे मुडपून आम्ही बसलेलो. वाळूजहून रात्रपाळी उरकून थेट आलेले दोघे-तिघे कंपनीच्या गणवेशातच. माझ्या शेजारच्या ताई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. त्यांच्या गल्लीत आज पाणी यायचं होतं, आणि या शहरात तो दिवस चुकवून चालत नाही.

विषय पहिला: घटना मंजूर करणे. मला वाटलं, कलमाकलमावर खल होणार. पण खासगी शाळांसाठी तिचा सांगाडा 2011च्या शुल्क विनियमन अधिनियमाने आधीच घालून दिलाय. सत्र सुरू झाल्यापासून 30 दिवसांत संघ, प्रत्येक पालक सदस्य, त्याच्या कार्यकारी समितीत मुख्याध्यापिका अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांतला, निम्म्या महिला. सभा चालवणाऱ्या सरांनी एका दमात वाचलं. सूचक? अनुमोदक? दोन हात वर. झालं.

खरी गंमत स्टीलच्या डब्यात होती. कार्यकारी समितीवरचे पालक मतदानाने नाही, प्रत्येक इयत्तेसाठी सोडतीने ठरतात. इच्छुकांच्या चिठ्ठ्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवणीतून कापलेल्या. एकीची घडी जरा जाड होती. एका गृहस्थांनी ती उलगडून पुन्हा सगळ्यांसारखी घालायला लावली. "आणि डबा हलवा, मॅडम!" कुणी हसलं नाही. हसण्यासारखं नव्हतंच. ही समिती म्हणजे स्नेहसंमेलनात चहा वाटणारी मंडळी नव्हे. पुढच्या सत्राच्या किमान सहा महिने आधी फीचा प्रस्ताव हिच्यापुढे येतो, आणि मान्य झालेली फी दोन वर्षं टिकते. निवडणूक असती तर मोठ्या आवाजाचे चार जण तिथे बसले असते. चिठ्ठीला आवाज कळत नाही.

दुसरीतल्या एका मुलीने चिठ्ठ्या काढल्या. पहिल्या पाच नावांत पाचही पुरुष. सहावी चिठ्ठी उघडणार, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "निम्म्या महिलांचं काय?" सर थबकले. घटना नुकतीच त्यांनीच वाचली होती. डबा रिकामा झाला, महिलांच्या चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या, सोडत पुन्हा पहिल्यापासून. आधी निघालेले पाच जण कुरकुरले, पण बसून राहिले.

या खेपेला चौथीसाठी शेजारच्या ताईंचं नाव निघालं. बाक रिकामा. त्या कधीच निघून गेल्या होत्या. वर्गशिक्षिकेने फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडे मोटारीची घरघर.

"होते की मॅडम! पण आधी टाकी भरू द्या."